टाकी क्रमांक तीनचे वाण

दिनांक ६ फेब्रुवारी २०४४, शनिवार, सकाळचे नऊ वाजून चाळीस मिनिटे. देवरुखच्या एका आळीतील घराच्या पडवीत, टाकी क्रमांक तीनमधील चारशे बारा शोभेच्या कोळंब्यांपैकी शेवटची कोळंबी यंत्राच्या काचनळीतून पलीकडच्या भांड्यात उतरली आणि यंत्राच्या पाटीवर निकाल उमटला : शुद्ध त्रेचाळीस, मिश्र तीनशे एकोणसत्तर.

विलास शेट्ये यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला. आकडा होता तोच राहिला.

शेट्येसरांनी एकतीस वर्षे तंत्रनिकेतनात उपकरणशास्त्र शिकवले होते. मापनयंत्र कधी चुकते, का चुकते आणि त्याला वठणीवर कसे आणायचे, हाच त्यांचा विषय. त्यामुळे पहिला संशय त्यांनी कोळंबीवर न घेता यंत्रावर घेतला. त्यांनी काचनळी उतरवून सौम्य आम्लाने धुतली. दिव्याचा प्रकाश मोजला. पाण्याचे तापमान आणि जडपणा तपासला. सोबत आलेला प्रमाण नमुना नळीतून घातला, तर यंत्राने तो अचूक ओळखला. हे पाहून त्यांना हायसे वाटायला हवे होते, पण उलट चीडच आली. त्यांनी चारशे बाराच्या चारशे बारा कोळंब्या पुन्हा एकदा, चहाच्या गाळणीने एकेक उचलून, नळीत सोडल्या. दुपारी अडीच वाजता दुसरा निकाल आला. तो पहिल्यासारखाच होता.

मग त्यांनी यंत्रवाल्यांच्या मदतकक्षाशी संपर्क साधला. तिकडून एक अतिशय मंजुळ कृत्रिम आवाज बोलू लागला. आपली निराशा आम्ही समजू शकतो, असे तो म्हणाला. शेट्येसरांनी त्याला सांगितले की ही निराशा नाही, तक्रार आहे. आवाजाने त्याबद्दल आभार मानले आणि यंत्र बंद करून पुन्हा चालू करण्याचा सल्ला दिला.

"चारशे कोळंब्या म्हणजे वाटीभर आमटीलासुद्धा पुरायच्या नाहीत," उज्ज्वलाताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "आणि त्यांच्यापायी सकाळचे पोहे गार झाले, आता भातही गार होतोय."

शेट्येसर पाटीवरच्या आकड्याकडे पाहत उभे राहिले.

या आकड्याने त्यांचे डोके का फिरले हे समजण्यासाठी कोळंबीच्या रंगाचे शास्त्र थोडे समजून घ्यावे लागेल.

काचेच्या टाक्यांतून पाळली जाणारी ही कोळंबी गोड्या पाण्यातली आणि बोटाच्या पेराएवढी असते. तिचा मूळ रंग ओढ्याच्या तळच्या गाळासारखा, तपकिरी. लाल, निळी, पिवळी ही सगळी माणसाने निवडून तयार केलेली वाणे. निसर्गाच्या दृष्टीने प्रत्येक रंग हा एक बिघाड आहे. तपकिरी रंग बनवण्याच्या सूचना कोळंबीच्या शरीरात ठरलेल्या जागी लिहिलेल्या असतात, आणि प्रत्येक सूचनेच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक बापाकडून. लाल वाणात एका जागच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतात; निळ्या वाणात दुसऱ्याच जागच्या. आता लाल आणि निळी एकत्र आली की पिल्लाला लाल पालकाकडून निळ्याच्या जागेची चांगली प्रत मिळते आणि निळ्याकडून लालच्या जागेची. दोन्ही बिघाड परस्पर दुरुस्त होतात. दोन देखण्या रंगांच्या पोटी गाळाच्या रंगाचे पिल्लू जन्माला येते आणि वाण पाळणारा कपाळाला हात लावतो.

इथवर डोळ्यांना दिसते. खरी पंचाईत पुढची आहे. ही तपकिरी पिल्ले वाढून पुन्हा लाल कोळंबीशी जुळली की त्यांची काही पिल्ले पुन्हा लाल निघतात. अगदी आजीसारखी. पण त्यातल्या कित्येकांच्या शरीरात निळ्याची ती बिघडलेली प्रत गुपचूप बसून असते. ती रंगात दिसत नाही. ती दोन-चार पिढ्यांनी केव्हातरी डोके वर काढते. माणसाच्या नजरेने अशी कोळंबी वेगळी काढणे आजवर अशक्य होते.

नवे यंत्र ते करीत होते. काचनळीतून जाताना कोळंबी पाण्यात स्वतःचे सूक्ष्म अंश सोडते. नळीच्या तळाशी असलेला वाचक त्यातली आनुवंशिक लिपी अर्ध्या मिनिटात वाचतो आणि कोणत्या वाणाचा किती अंश आहे ते सांगतो. हे शक्य होताच दोन वर्षांत कायदाही बदलला होता. ज्याचे वाण त्याच्या नावे नोंदवायचे, असे ठरले. रत्नागिरीला वाण नोंदणी केंद्र उघडले. किमान चाळीस शुद्ध कोळंब्या, वेगळ्या ठेवलेल्या आणि अंतिम पडताळणीपर्यंत त्यांच्यात एकही बाहेरची मिसळलेली नाही, अशी अट होती. मुदत ३१ मार्च.

शेट्येसरांच्या वाणाचे नाव होते 'कोकम'. साध्या लाल कोळंबीच्या टाकीत त्यांना नऊ वर्षांपूर्वी एक मादी दिसली होती, जिच्या पाठीवरचा लाल रंग उन्हात धरला की सुकवलेल्या आमसुलासारखा जांभळट व्हायचा. तिथून त्यांनी सुरुवात केली. दर महिन्याला पांढऱ्या थाळीत कोळंबी घेऊन, उत्तरेकडच्या खिडकीत बसून निवड करायची. फिकी ती बाहेर, पाठीवर पट्टा असलेली बाहेर, पाय पारदर्शक असलेली बाहेर. उरलेली टाकी तीनमध्ये. एकतीस वर्षे त्यांनी दुसऱ्यांची उपकरणे दुरुस्त केली होती आणि त्यातल्या एकावरही त्यांचे नाव नव्हते. कोकमवर असणार होते.

आणि यंत्र म्हणत होते की कोकमच्या दहा भागांतले नऊ भाग मिश्र आहेत.

तिसऱ्या दिवशी त्यांनी निकालाचे सविस्तर पान उघडले. त्यात लिहिले होते : बाहेरील अंश, निळे बाजारी वाण. प्रवेशाचा अंदाज, तीन ते चार पिढ्यांपूर्वी.

शेट्येसरांच्या घरात निळी कोळंबी कधीच आली नव्हती. त्यांनी हिशेब मागे नेला. तीन-चार पिढ्या म्हणजे गेल्या वर्षीची होळी. गेल्या पावसाळ्यात या टाकीत काही तपकिरी पिल्ले निघाली होती हेही त्यांना आठवले. क्वचित कधी मूळ रंग उलटून येतो असे समजून त्यांनी ती उशिराच बाहेर काढली होती. तोवर जे व्हायचे ते झालेले असणार.

ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. उज्ज्वलाताई कोथिंबीर निवडत होत्या.

"गेल्या होळीच्या सुमारास तीन नंबरच्या टाकीत कोणी काही टाकलं होतं का?"

"टाकलं कशाला असेल?" त्या मान वर न करता म्हणाल्या. "मी सोडल्या होत्या दोन. निळ्या. गोड होत्या दिसायला."

शेट्येसरांना एकदम बसावेसे वाटले, पण जवळ पाट होता तो ओला होता.

"कुठून आणल्यास?"

"आणायला कशाला जाऊ? जागुष्टेवहिनींनी बरणी परत केली त्यात होत्या. गेल्या वर्षीच्या संक्रांतीच्या बरण्या नाही का? रिकामं भांडं कसं परत करायचं म्हणून त्यांनी रत्नागिरीहून मुद्दाम आणून घातल्या. सुर्व्यांच्या मधुराने साखर घातली होती, कोणी जायफळं. त्यांनी निळ्या कोळंब्या घातल्या. दोन वेगळ्या कशाला ठेवायच्या, एकट्या पडतील, म्हणून तुमच्यात सोडल्या. आठ-दहा दिवसांत गेल्या बिचाऱ्या."

"पण संक्रांतीला बरण्या कसल्या दिल्या होत्यास तू?"

आता मात्र उज्ज्वलाताईंनी मान वर केली. "असं काय विचारताय? तुम्हीच तर चिठ्ठी लावली होती टाकीला."

चिठ्ठी त्यांनीच लावली होती, हे खरे होते. तीन टाक्यांना तीन चिठ्ठ्या. एकीवर 'पिल्ले', दुसरीवर 'काढलेल्या' आणि तिसरीवर, आपल्या सुवाच्य, शिरोरेषा सरळ असलेल्या अक्षरात, एकच शब्द : 'वाण'.

त्या वर्षी हळदीकुंकवाला वाण काय लुटायचे, असे उज्ज्वलाताईंनी त्या आधी आठवडाभर रोज विचारले होते. शेट्येसर वर्तमानपत्राआडून रोज 'बघतो' म्हणाले होते. मग संक्रांतीच्या दोन दिवस आधी टाकीवर ती चिठ्ठी दिसली. उज्ज्वलाताईंनी सात छोट्या बरण्या आणल्या, प्रत्येकीत एक हिरवी काडी आणि पाच-पाच कोकम कोळंब्या घातल्या आणि आळीतल्या सात बायकांना हळदकुंकू लावून दिल्या. शेट्येसर त्या संध्याकाळी, बायकांचा गलका नको म्हणून, चिपळूणला बहिणीकडे गेले होते.

"वाण म्हणजे," शेट्येसर एकेक शब्द सुटा करीत म्हणाले, "निवडून स्थिर केलेली जात. भाताचं वाण असतं तसं. संक्रांतीचं नव्हे."

"मग तसं लिहायचं होतं."

"लिहायला काय पाहिजे होतं? नऊ वर्षं मी काय करतोय ते दिसत नव्हतं तुला?"

"दिसत होतं म्हणूनच तर." उज्ज्वलाताईंनी कोथिंबिरीची जुडी खाली ठेवली. "नऊ वर्षं कोणाला हात लावू देत नव्हता त्याला. ती चिठ्ठी बघितली आणि मला वाटलं, मी न सांगता एकदा तरी माझ्या मनातलं ओळखावं असं तुम्हाला वाटलं. आळीभर सांगितलं मी. ह्यांनी स्वतःहून दिलं म्हणून."

यावर शेट्येसरांना जे सुचले ते त्यांनी बोलायला नको होते. ते म्हणाले की तिच्या या समजुतीची किंमत नऊ वर्षे आहे. उज्ज्वलाताई उठून आत गेल्या आणि त्या दिवसापासून दोघांचे बोलणे जेवायला वाढण्यापुरते उरले.

पुढचे काम त्यांनी पद्धतशीर केले. टाकी तीनच्या मधोमध बारीक जाळीचा पडदा बसवला. एका बाजूला त्रेचाळीस शुद्ध, दुसऱ्या बाजूला मिश्र. पाणी तेच राहावे, तापमान तेच राहावे, पण कोळंबी ओलांडून जाऊ नये. मग केंद्राकडचा अर्ज भरायला घेतला. त्यात एक प्रश्न होता : पूर्वी मिश्रण झाले असल्यास त्याचे कारण आणि वाण बाहेर गेले असल्यास तपशील. बिघाडाचे कारण लिहिल्याशिवाय उपकरण कपाटात ठेवायचे नाही, हे त्यांनी एकतीस तुकड्यांना शिकवले होते. त्यांनी सातही घरांची नावे पत्त्यांसह लिहिली.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात केंद्राच्या निरीक्षक ओवी साळुंखे आल्या. तिशीच्या आतबाहेरची, उन्हातून दुचाकीवर आलेली, नम्र पण घाईत असलेली मुलगी. तिने आपल्याजवळच्या यंत्राने शुद्ध बाजूची तपासणी केली. दोन कोळंब्या दरम्यान मेल्या होत्या. एक्केचाळीस.

शेट्येसरांनी तिला विचारले की शुद्ध बाजूच्या माद्या अंडी धरत नाहीत आणि मिश्र बाजूच्या मात्र पोटाखाली अंडी घेऊन हिंडतात, हे कसे. तिने सांगितले की सगळीकडे असेच दिसते आहे. पिढ्यान्‌पिढ्या आपसातच जुळवलेले वाण नाजूक होते, बाहेरचा थोडा अंश आला की तरारते. म्हणून तर दोन निळ्या कोळंब्यांचा अंश वर्षभरात टाकीभर पसरला. ऐकताना शेट्येसरांच्या कपाळावरची आठी अधिकच खोल झाली. त्यांना हे शास्त्र पटत होते आणि ते पटण्याचाच त्रास होत होता.

"तुमचं काम झालंच म्हणा, सर," ती निघताना म्हणाली. "एकतीसला मी परत येते. तेवढं चाळीसच्या खाली जाऊ देऊ नका. त्या सात घरांचं आम्ही बघून घेतो."

बघून घेतो म्हणजे काय, हे शेट्येसरांनी विचारले नाही. त्यांचे लक्ष एका मादीच्या पाठीवरच्या रंगाकडे होते.

बघून घेतो म्हणजे काय, ते पुढच्या सोमवारी कळले. सातही घरांना केंद्राचे आदेश आले. 'कोकम' हे वाण विलास शेट्ये यांच्या नावे नोंदले जात असून आपल्या ताब्यात त्या वाणाचा अंश असलेली कोळंबी आहे. ती ३१ मार्च रोजी निरीक्षकांसमक्ष नष्ट करण्यात येईल. वाणांच्या चोऱ्या होऊ लागल्या तेव्हा मोठ्या पैदासकारांच्या मागणीवरून केलेला हा नियम होता. कोणती कोळंबी कोणाची, हे जोवर कळत नव्हते तोवर त्याची गरज नव्हती. कळू लागले, तशी मालकी आली आणि मालकीमागोमाग राखण आली.

आळीने त्याचा सरळ अर्थ लावला. शेट्येसरांनी दिलेले परत मागितले, आणि तेही सरकारी माणूस पाठवून. दुपारच्या चहाला येणाऱ्या बायका येईनाशा झाल्या. मधुरा सुर्वेने तर वाण्याच्या दुकानात सर्वांदेखत विचारले की आता तिळगूळसुद्धा मोजून परत करायचा आहे का.

बुधवारी सकाळी फाटकाच्या कडीला एक पिशवी अडकवलेली होती. जागुष्टेवहिनींची. आत एक काचेची बरणी होती. महिन्याभरापूर्वी उज्ज्वलाताईंनी तिच्यातून लोणचे दिले होते. बरणी स्वच्छ धुतलेली, पुसलेली होती आणि तिच्यात काहीही नव्हते. साखरेचा दाणासुद्धा नव्हता.

उज्ज्वलाताईंनी ती हातात घेऊन उलटीसुलटी करून पाहिली. तेवीस वर्षांच्या शेजारात त्या दोन घरांमधून भांडे रिकामे गेले नव्हते की आले नव्हते. त्यांनी बरणी फळीवर ठेवली आणि कणीक मळायला घेतली.

शेट्येसरांनी त्याच दिवशी ओवी साळुंखेंना फोन लावला. ते शांतपणे बोलायचे ठरवून बसले होते.

ती कोळंबी चोरीची नाही, हे त्यांनी सांगितले. ती म्हणाली, माहीत आहे. विकलेली असेल तर विक्रीचा परवाना दाखवा, म्हणजे वगळता येईल. त्यांनी सांगितले की विकलेली नाही, दिलेली आहे. ती म्हणाली की दिलेली, असा रकाना नाही.

"अहो, पण ते वाण म्हणून दिलं होतं," शेट्येसरांचा आवाज चढला.

"तेच तर मी म्हणतेय, सर. वाण होतं म्हणूनच नष्ट करायचं आहे. साधी कोळंबी असती तर कोण विचारतंय?"

शेट्येसरांनी डोळे मिटले. हाच संवाद आपण स्वयंपाकघराच्या दारात एकदा केला आहे आणि त्या वेळी आपण या मुलीच्या बाजूने बोलत होतो, हे त्यांच्या ध्यानात आले.

त्यांनी विनंतीअर्ज लिहिला. उत्तर आले नाही. दुसरा लिहिला, अर्ज योग्य विभागाकडे पाठवला आहे, असे मंजुळ आवाजात कळले. त्यांनी नियमांची पुस्तिका दोनदा वाचली. राखणीचा नियम नोंदीला बांधलेला होता. नोंद उभी तर आदेश उभा. नोंदीला पात्र गट नसेल तर आदेश आपोआप रद्द, पण मग वाणाचे नाव कायमचे बाद, आणि त्याच वाणासाठी पुन्हा अर्ज नाही. पुस्तिका इतकी नीट लिहिलेली होती की तिच्यात एक फट सापडेना. एरवी असे लेखन वर्गात वाचून दाखवावे असे त्यांना वाटले असते. त्यांनी ती टेबलावर आपटली.

एकवीस तारखेला ते जागुष्ट्यांकडे गेले. वहिनींनी दार उघडले, 'या' म्हटले आणि पाणी आणायला म्हणून आत गेल्या त्या बाहेर आल्याच नाहीत. ओसरीवर त्यांचे सासरे बसले होते. आप्पा जागुष्टे, वय ब्याण्णव. पूर्वी एस.टी.चे चालक. दोन्ही डोळ्यांच्या मध्यभागाची दृष्टी गेलेली. समोर माणूस आला तरी सावलीसारखा दिसायचा. त्यांच्या शेजारच्या खिडकीत, ऊन येईल तिथे, एक मोठी काचेची हंडी होती. आप्पांनी मान तिरकी करून, डोळ्याच्या कडेने तिच्याकडे पाहत बैठक मारली होती.

"कोण, शेट्येमास्तर? बसा. आवाज करू नका, वळणावर आहेत."

शेट्येसर बसले. हंडीत तीसेक कोळंब्या असाव्यात. कोकमचा तो जांभळट लाल रंग उन्हात पेटल्यासारखा दिसत होता. त्यांच्यात चार-पाच निळ्या होत्या, काही तपकिरी. शेट्येसरांच्या नजरेने सवयीने निवड सुरू केली : ही बाहेर, ही बाहेर, ही राहील.

"निळ्या मला दिसत नाहीत," आप्पा म्हणाले. "त्या गाळाच्या रंगाच्याही नाहीत. पण तुमच्या लाल दिसतात. ठिपका हलला की कळतं. ती बघा, सर्वांत पुढे ती जाडी, तिला मी साखरप्याची गाडी म्हणतो. कधीच वेळेवर सुटत नाही. सूनबाई विचारते, दिवसभर काय बघता? मी म्हटलं, वाहतूक."

ते खुदकन हसले. मग म्हणाले, "एकतीसला कोणीतरी येणार आहे म्हणे, हंडी साफ करायला. तुम्ही ओळखीचे आहात ना त्यांच्या? त्यांना सांगा, सकाळी या. उन्हाच्या वेळी नको."

घरात कोणी त्यांना खरे सांगितले नव्हते. शेट्येसरांनीही सांगितले नाही. त्यांनी 'सांगतो' म्हटले आणि ते उठले. वाटेत त्यांना नुसता संताप येत होता, आणि तो नेमका कोणावर करावा ते ठरत नव्हते. नियमावर करावा तर नियम चोरीसाठी होता. मुलीवर करावा तर ती आपले काम चोख करीत होती. यंत्रावर करावा तर यंत्र बरोबर होते. आणि यंत्र बरोबर आहे हीच त्यांची सर्वांत मोठी तक्रार होती. राहता राहिली चिठ्ठी. तिच्यावरचे अक्षर सुवाच्य होते.

घरी आल्यावर त्यांनी उज्ज्वलाताईंना आप्पांविषयी सांगितले. कितीतरी दिवसांनी ते आपण होऊन बोलत होते.

"मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "मी रोज संध्याकाळी जाते तिथे. मागच्या दाराने."

"मग मला बोलली का नाहीस?"

"काय बोलू? नोंदणी सोडा म्हणू? नऊ वर्षं तुम्ही त्या खिडकीत मान मोडून बसलात, ते मी बघितलंय. ते मी एकदा घालवलं. दुसऱ्यांदा माझ्या तोंडून नको."

शेट्येसर पडवीत गेले. त्या रात्री त्यांनी शुद्ध बाजूची कोळंबी मोजली नाही. रोज मोजत असत.

३१ मार्चला, गुरुवारी, अकरा वाजता ओवी साळुंखे आल्या. आधी नोंद पूर्ण करायची आणि मग सात घरी जायचे, असा त्यांचा क्रम होता. दुचाकीला कोळंबी मारायच्या औषधाची बुधली बांधलेली होती. उज्ज्वलाताई पडवीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. ओवीने यंत्र मांडले, काचनळी जोडली आणि टाकीत डोकावून ती हसली.

"चाळीसच्या वरच दिसतायत, सर. छान सांभाळलंत."

"एकच मिनिट," शेट्येसर म्हणाले.

त्यांनी बाह्या सरसावल्या, दोन्ही हात पाण्यात घातले आणि जाळीचा पडदा खालच्या खाचेतून सैल करून सरळ वर उचलला. पाणी टपटपत खाली पडले. क्षणभर दोन्ही बाजूंच्या कोळंब्या आपापल्या जागी थांबून राहिल्या. मग मिश्र बाजूची एक मादी, पोटाखाली पिवळसर अंड्यांचा घोस घेऊन, पडद्याच्या जागेवरून सहज पलीकडे गेली. तिच्यामागून दुसरी गेली. मग कोण कुठल्या बाजूची ते नजरेला सांगता येईना.

"सर," ओवी हळूच म्हणाली, "जाळी."

"पाहिली मी."

"तुम्हाला नियम माहीत आहे ना? एक जरी मिसळली तरी गट मोडतो. आत्ता यंत्राने वेगळ्या काढल्या तरी चालत नाही. मला शून्य लिहावं लागेल."

"सत्तावीस पानी पुस्तिका आहे तुमची. सोळाव्या पानावर आहे ते." शेट्येसरांचा आवाज वर्गात प्रयोग चुकवणाऱ्या मुलाशी बोलावे तसा झाला होता. "मी खोटं काही लिहायला सांगत नाही. समोर जे आहे ते लिहा. आणि गट मोडल्यावर सात घरांचे आदेश रद्द होतात, तेही त्याच पानावर आहे. ते रद्द केल्याशिवाय फाटकाबाहेर जाऊ नका."

ओवीने त्यांच्याकडे पाहिले, मग दारातल्या उज्ज्वलाताईंकडे. ती पाटीवर बोट फिरवू लागली. एकेका घराचे नाव पुकारून तिने सात वेळा 'रद्द' म्हटले. पाचव्या नावाच्या वेळी तिने पत्ता चुकीचा वाचला, तो शेट्येसरांनी दुरुस्त केला.

उज्ज्वलाताई पुढे आल्या. त्यांनी नवऱ्याच्या हातातला ओला पडदा घेतला आणि भिंतीला उभा करून ठेवला. मग पदराने डोळे पुसले.

"रडू नकोस," शेट्येसर चिडून म्हणाले. "पुढच्या वर्षी स्टीलच्या वाट्या दे."

"कोणत्या? छोट्या की आमटीच्या?"

"ते मला विचारू नकोस. मी आता कोणत्याही गोष्टीवर काहीही लिहून ठेवणार नाही."

ओवीने शेवटची नोंद भरली आणि नियमाप्रमाणे अर्जदाराला मोठ्याने वाचून दाखवली. अर्जदार, विलास दत्ताराम शेट्ये. वाण, कोकम. टाकी क्रमांक तीन. पात्र कोळंबी : शून्य.